पुस्तकात नसलेला मार

पालमच्या बसस्टँडवर गाडीची वाट बघत होते, तेव्हा शाळेतल्या शिपायाचा फोन आला. "बाई, नलूबाई गेल्या. जिन्यावरून पडल्या म्हणतेत." मी तिथंच ओरडले, "त्या घराला जिना कुठंय रे?" बाजूच्या बायका वळून बघायला लागल्या. ओट्याच्या तीन पायऱ्या, तेवढाच काय तो जिना. तीन पायऱ्यांवरून पडलेल्या बाईच्या दंडांवर बोटांचे वळ उठत नाहीत. ते वळ मी पाहिलेत. पोलिसांत तसा जबाब दिलाय आणि इथंही लिहितेय. दहाव्याला तिचा दीर हात जोडून म्हणाला, "वहिनी लय सोशिक होती." माझ्या अंगाची लाही लाही झाली. "सोशिक होती म्हणूनच तुमी मारली न्हवं?" भर मंडपात मी बोलले. चार बायकांनी मला दंडाला धरून बाहेर नेलं.

नलू आणि मी परभणीला डी.एड.ला एका बाकावर होतो, आणि नंतर चुडाव्याजवळच्या एकाच शाळेत लागलो. तिची चौथी, माझी तिसरी, मध्ये पत्र्याचा पडदा. तिच्या वर्गातलं सगळं मला ऐकू यायचं. एकदा परभणीच्या पुस्तक प्रदर्शनातून तिनं इंग्रजीतलं एक पातळ पुस्तक आणलं. आफ्रिकेतल्या कांपाला शहरातल्या एका कुटुंबाची गोष्ट, लहान मुलांसाठी. नलूचं इंग्रजी यथातथाच, पण शब्दकोश मांडीवर घेऊन तिनं ते महिनाभरात संपवलं. "अगं, आफ्रिका म्हणलं की आपल्याला सिंह आन् हत्ती. ह्यात एकबी सिंह न्हाई! लाइट जाती, नळाला पानी येत न्हाई, बाप टॅक्सी चालवतो, माय शाळेचे ड्रेस शिवती. आपल्या पूर्ण्यासारखंच की गं सगळं." असं म्हणून ती इतकी हसली, की मलाही हसू फुटलं... तिला तसं हसताना फार कमी वेळा पाहिलं होतं.

पुस्तक मराठीत आणून छापायचं तिनं ठरवलं, पण आपल्या पद्धतीनं. रोज एक पान वर्गात तोंडी सांगायची, ते आपल्या बोलीत. दुसऱ्या दिवशी लेकरांनी ते परत सांगायचं. लेकरं जसं सांगतील तसंच वहीत उतरायचं. जे विसरतील ते पुन्हा नव्यानं सांगायचं. "लेकराच्या तोंडात बसलं तरच ते मराठी," हा तिचा नियम. त्यात ती तसूभर सूट द्यायची नाही.

सहाव्या पानावर गाडी अडली. अपिओ नावाची मुलगी, लेकरांच्या तोंडी अपी, बापाचा फोन खेळायला घेते, तो पडतो आणि त्याची काच फुटते. बाप कामावरून येतो, फोन बघतो आणि तिला जवळ बोलावून जेवायला बसवतो. एवढंच. दुसऱ्या दिवशी लेकरांनी गोष्ट सांगितली, त्यात बापानं अपीला पट्ट्यानं फोडून काढलं होतं. नलूनं पुन्हा सांगितली. लेकरांनी पट्ट्याऐवजी चप्पल आणली. तिसऱ्यांदा चाबूक आला आणि मायलाही दोन बसले. "बापानं मारलं न्हाई रे, पुस्तकात न्हाई," नलू घसा फोडून सांगायची आणि लेकरं म्हणायची, "असं कसं, बाई? काच फुटलीय की!"

तेव्हा मी तिला म्हणाले, "घालून टाक मार. तुझाच नियम हाय न्हवं? लेकरं काय खोटं बोलायलीत?" मी फार शहाणी! तिनं ऐकलं. वहीत लिहिलं: बापानं अपीला लय मारलं.

पुढच्या आठवड्यात नलू डावा डोळा सुजवून शाळेत आली. गाल काळानिळा, ओठ फाटलेला. तिचा नवरा हात उचलतो हे मला माहीत होतं. सगळ्या गावालाच होतं. हजेरी चालू असताना पत्र्यापलीकडून सारिकाचा आवाज आला. मेंढरं राखणाऱ्या घरातली ती लेक, वर्गात सगळ्यांत बोलकी.

"बाई, तुमच्याकडनं काय फुटलं?"

मग वहीचं पान फाडल्याचा आवाज ऐकू आला. मधल्या सुट्टीत नलू माझ्याकडं आली. "ते पान मी फाडलं. पुस्तक मार न घालताच छापायचं. ह्या लेकरांनी एक तरी घर असं बघावं." आणि लगेच, खाली बघत, "तुझ्याकडं चार दिवस ऱ्हायला येऊ का?"

मी म्हणाले, "दिवाळी होऊ दे, सासूबाई हायेत घरी."

दिवाळीआधीच नवऱ्यानं तिला संपवली. तीन पायऱ्यांवरून. हे माझं मी कुणापुढं रडू? माझी जीभ झडली का नाही त्या दिवशी...

आता दोन्ही वर्ग माझ्याकडंच आहेत. मध्ये लावलेला पत्रा मी काढायला लावला. कपाटात तिची वही सापडली, पाच पानांपर्यंत सुवाच्य, पुढं कोरी. गेल्या सोमवारी मी तेच सहावं पान सांगितलं, जसं पुस्तकात आहे तसं, एकही धपाटा न घालता. मंगळवारी सारिका उभी राहिली. "बाप आला. फोन बघितला. मंग त्येनं हात उचलला..." मी तिला थांबवायला उठले. "आन् अपीनं त्येच्या हाताला कचकचून चावा घेतला, बाई. रगत निघालं. मंग तिनं मायचा हात धरला आन् दोघी मावशीच्या घरी गेल्या. मावशीनं लगेच दार उघडलं."

वर्ग टाळ्या पिटायला लागला. मी त्या मावशीच्या दारापाशीच अडकले. नियमाप्रमाणं मी वही उघडली आणि शब्द न् शब्द उतरवला. मार नको म्हणून नलूनं चावाही खोडायला लावला असता. मी खोडणार नाही.