मायची चार बोटं

कळंबच्या कांताबाईला आपली माय आठवत नाही. बाप एकाहत्तरच्या लढाईत गेला तेव्हा ती रांगत होती, आणि वर्षभरात तापानं मायही गेली. दोघं उरली ती एका फोटोत. सुट्टीवर आलेल्या बापानं यवतमाळच्या स्टुडिओत काढवून घेतलेला. तो वर्दीत खुर्चीवर ताठ बसलेला, शेजारी माय उभी, तिचा हात त्याच्या खांद्यावर. अंगणवाडीत दुसऱ्यांची लेकरं सांभाळण्यात बाईचा जन्म गेला, पण संध्याकाळी मेणबत्ती लावली की ती या फोटोशी बोलायचीच. भाजीत मीठ जास्त झालं तरी मायला सांगायची.

हा फोटो नेला संघदीपनं. चुलतभावाचा पोरगा, तिनंच कडेवर खेळवलेला. एका संग्रहालयाचे साहेब जुन्या सैनिकांचे फोटो गोळा करत होते. "आत्या, कॉपी काढून वापस देतेत," तो म्हणाला. साहेबांनी तिच्या हातचा चहा घेतला, तिला मावशी म्हटलं. एवढ्यावरच विरघळली बिचारी.

धम्मचक्र दिनाला विहारात रीतीप्रमाणे दात्यांची नावं पुकारली जात होती. कोणी सतरंजी दिली, कोणी पंखा. माइक संघदीपच्या हातात. "कांताबाईंकडून शहीद वडिलांचा फोटो संग्रहालयाला दान!" दान? कांताबाई चमकली. पण भरसभेत पोराला काय टोकायचं? आणि टाळ्या तर बापासाठी पडत होत्या. तिनं उठून सगळ्यांना हात जोडले.

फोटो काही परत आला नाही. यवतमाळात प्रदर्शन लागलं तेव्हा ती एकटीच बसनं गेली. भिंतीवर बाप, चांगला पुरुषभर उंच. माय नव्हती! कापून टाकलेली. खांद्यावर तिची चार बोटं तेवढी राहिली होती. कोपऱ्यात संग्रहालयाचा शिक्का, खाली 'सौजन्य : संघदीप'. तिनं मोबाइल वर केला, तर तिथली मुलगी धावत आली. "फोटो काढता येणार नाही. हक्क आमचे आहेत."

"हे बोटं माह्या मायचे हायत," कांताबाई म्हणाली. "तेही तुमचेच काय?"

साहेब आले. आता मावशी वगैरे काही नाही. फोटो दान झालाय म्हणाले, आणि विहारातला व्हिडिओच समोर धरला. त्यात टाळ्या होत्या आणि हात जोडून उभी असलेली ती. फोटो काढला स्टुडिओवाल्यानं, त्यात बसला तिचा बाप, मग मालक हे कसे झाले, ते तिला कोणी समजावून सांगितलं नाही.

पुढच्या पौर्णिमेला विहारात ती थेट संघदीपसमोर जाऊन उभी राहिली. माइक त्याच्याच हातात होता.

"मायले कापलं त्यायनं. माहा फोटो वापस आण."

"आत्या, त्यायले सैनिक पाह्यजे होता," तो हळूच म्हणाला. "तुह्या मायचं ते काय करतीन?"

"माइकवर देल्ला ना तू? आता माइकवरच माग."

संघदीपनं माइकचं बटण बंद केलं. त्या दिवशी टाळ्या वाजवणारी सगळी मंडळी समोरच बसली होती. कोणी सतरंजी सरळ करू लागलं, कोणी पंख्याकडे बघू लागलं.

घरी येऊन तिनं मेणबत्ती लावली आणि रिकाम्या खिळ्यासमोर बसली. मायचा रोज पाहिलेला चेहरा ती आठवत राहिली. डोळ्यांसमोर ती चार बोटंच येत होती.