खोलीत राहिलेलं टेबल

मुलांनो, तुमच्या आईने एकदा घर बांधलं होतं. तिने तुम्हाला हे सांगितलेलं नसणार.

तेव्हा आम्ही लखनऊच्या छावणीत राहत होतो आणि ती बी.ए.ला होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्या कॉलेजची मुलं-मुली गोमती नगरच्या कडेच्या वस्तीत घरं बांधायला जात. घर म्हणजे विटांची एक खोली, वर पत्रा. तिच्या गटाकडे वस्तीतल्या एका म्हाताऱ्या अम्मांची खोली आली. अम्मांचा मुलगा लग्नासाठी फिरोजाबादला गेला होता. झोपडी पाडून झालेली, त्यामुळे सून यायच्या आत खोली उभी राहायलाच हवी होती.

भिंतीचे वरचे थर रचायला मुलांचे हात पोहोचेनात, म्हणून तुमच्या आईने आमचं जेवणाचं टेबल ठेल्यावर घालून नेलं आणि अपुऱ्या भिंतींवरून आत उतरवलं. टेबल सैन्याचं, शिसवी, खाली पांढऱ्या रंगात नंबर घातलेलं. बदली झाली की जसंच्या तसं परत करायचं. त्यावर चढून मुलांनी भिंती पुऱ्या केल्या, दार बसवलं, पत्रा ठोकला आणि टाळ्या वाजवल्या. मग टेबल बाहेर काढायला गेली, तर ते दारातून निघेना.

त्याच आठवड्यात तुमच्या आजोबांची बदली आली.

"दार मोजलं नव्हतंस?" त्यांनी विचारलं.

"मोजलं ना, बाबा! अम्मांना उभं करून!"

अम्मा फारच बारीक होत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तिथे गेलो. आजोबांनी कवायतीच्या आवाजात हुकूम सोडले. टेबल आडवं झालं, उभं झालं, तिरकं झालं; पण दारासमोर अरुंद गल्ली आणि पलीकडे शेजाऱ्यांची भिंत. दर वेळी पाय अडकत.

"सर, पैर काट दें?" एका मुलाने विचारलं.

"किसके?" आजोबा म्हणाले. मुलगा दोन पावलं मागे सरला.

पत्रा काढायची गोष्ट निघताच अम्मा दारात आडव्या उभ्या राहिल्या. "साहब, मेज़ यहीं छोड़ दीजिए. बहू-बेटा ऊपर सोएँगे, मैं नीचे. मकान दोमंज़िला हो जाएगा."

शेवटी रस्त्याकडच्या भिंतीतली खिडकी काढायची ठरली. "शाम तक वापस लगा देंगे, अम्मा, कसम से," मुलं म्हणाली. खिडकीखालच्या विटाही काढल्या आणि टेबल रस्त्यावर आलं. तेवढ्यात कोपऱ्यावरून टेम्पो वळला. सून आली होती, एक दिवस आधी!

भिंतीला भलंमोठं भगदाड. अम्मांनी पदरात तोंड लपवलं. तुमची आई हातात वीट घेऊन तशीच उभी.

सून उतरली. घुंघट जरा वर करून तिने भगदाड पाहिलं, मग बाहेरचा रस्ता पाहिला. तिच्या माहेरी बांगड्यांचं काम चाले आणि तिची निम्मी पेटी बांगड्यांनीच भरलेली होती.

"अम्मा," ती म्हणाली, "आपने तो दुकान भी बनवा दी!"

अम्मांनी पदर खाली केला. "और क्या! सब सोचकर करवाया है."

भगदाड बुजवू द्यायला सुनेने साफ नकार दिला. फक्त कडा सारख्या करून वर फळी टाकून घेतली. त्या दुपारी आमच्याच टेबलावर, रस्त्याच्या मधोमध, सगळ्यांनी पुरी-भाजी खाल्ली. परत देताना स्टोअरच्या बाबूंनी हळदीच्या डागावर बोट ठेवलं, तेव्हा आजोबा छताकडे पाहत राहिले.

तुमच्या आईच्या कपाटात हिरव्या बांगड्या आहेत ना? त्या दुकानाचं पहिलं गिऱ्हाईक तीच.