बा काय करायची

आमची बा, म्हणजे माझी आई, ट्रकखाली गेली. भरपाईच्या दाव्यात आज गोंडलच्या कोर्टात बापुजींची साक्ष होती.

"कानजीभाई, सगळं सांगा हां," आमच्या वकिलाने पढवलं होतं. "म्हशी, शेण, दूध, अंथरुणात पडलेल्या दादीमाचं सगळं. घरकामाचीही भरपाई मिळते."

बापुजी बसमध्ये तेच पुटपुटत होते. मला मात्र त्यांची जीभ ठाऊक. पाहुण्यांपुढे बा ताक घेऊन उभी असायची आणि हे खुशाल म्हणायचे, "हिला काय काम!"

विमा कंपनीचा वकील गोड हसला. "कानजीभाई, तुमची बायको काय करायची?"

बापुजींनी पगडी सावरली आणि पाहुण्यांना सांगावं तसं सांगून टाकलं, "काही नाही साहेब. घरीच असायची."

टायपिस्टची बोटं चालली. मी दात-ओठ खात त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा कुठे त्यांचा चेहरा उतरला.

"साहेब, ते खोडा! ती पहाटे उठून..." आणि ते तिथेच अडकले.

बा पहाटे उठून काय करायची, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. ते उठायचे तेव्हा उशाशी चहा असायचा.