पालथा तांब्या

पाण्याच्या बाबतीत मी आयुष्यात दोनदा मूर्खपणा केला. एकदा सांडून आणि एकदा ओतून. सांडलं तेव्हा विशीही उलटली नव्हती, म्हणून ते माफ. ओतलं ते गेल्या उन्हाळ्यात, सत्तरी ओलांडल्यावर. माझी नात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. तिच्या प्रयोगात मी तिच्या नकळत पाणी घातलं. लोक दुधात घालतात. मी पाण्यातच घातलं.

पण सांडण्याची गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर ओतण्याची कळायची नाही.

मी रोह्याची. माहेरी मागच्या दाराने उतरलं की नदी. बादलीने पाणी मोजायचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. लग्न होऊन आले ती वडखळच्या पुढे, खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या गावात. खाडी इतकी जवळ, की उधाणाला बांधावर बसल्या बसल्या पाय धुवावेत. प्यायचं पाणी मात्र लांबच्या तळ्यावरून, बायकांच्या डोक्यावरून यायचं.

आणि मी कोण? मॅट्रिक झालेली सून! आल्या आल्या सासूबाईंना सांगितलं, पाणी उकळून प्यावं, त्यात जंतू असतात. सासूबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "आधी आणायचं बघ गो. मंग उकळ."

मोरीशेजारी दोन हंडे असत. एकावर तांब्या सुलटा, दुसऱ्यावर पालथा. आमच्या रोह्यात पालथा तांब्या म्हणजे घासून ठेवलेला, खुशाल घ्या. इकडे पालथा तांब्या म्हणजे आत गोडं पाणी, हात लावायचा नाही. सुलट्याखाली वापरायचं खारं. हे मला कुणी सांगितलं नाही, कारण हे न कळणारी बाई जगात असेल असं इथे कुणाला वाटलंच नव्हतं. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी घरात कुणी नाही असं बघून मी पालथा तांब्या उचलला आणि शिकेकाई लावून ऐसपैस केस धुतले. गुडघ्यापर्यंत केस होते, आणि त्यांची मिजास त्याहून लांब. शेवटचा तांब्या तर नुसता मजेसाठी ओतला.

सासूबाई आल्या. माझ्या ओल्या केसांकडे बघितलं, मग मोरीतून बाहेर वाहणाऱ्या ओघळाकडे. खाली वाकल्या, ओघळात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"गोडं हाय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "केस बरं हायत गो तुजं. आता दोन दिस त्येच पिळून पी."

ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली, की माझ्या मुलांना बाराखडीच्या आधी ती पाठ झाली. नातवंडांनाही.

त्यानंतर या गावात पाणी किती वेळा 'आलं' ते मी आठवायचं सोडून दिलंय. टाकी बांधली, तिच्यात पाणी आलं नाही. कबुतरं आली. बोअर मारली, ती खारी लागली. मग पाइप येऊन पडले, पोरं त्यांत लपाछपी खेळून मोठी झाली, त्यांची लग्नं झाली. आता नळ आहे. तो आपल्या मर्जीने येतो आणि आला की गल्लीभर "आला, आला" होतं. लांबच्या गावाहून जावई यावा तसा त्याचा मान. प्रत्येक वेळी कुणीतरी नारळ फोडला आणि प्रत्येक वेळी आम्ही खोबरं खाल्लं. मला आता खोबऱ्याचाही कंटाळा येतो. गुडघ्यांना माझ्या आधीच आला.

तर अशा घरात गेल्या उन्हाळ्यात माझी नात काचेची एक पेटी घेऊन आली.

धाकट्या मुलाची ही मुलगी. मुलगा रोह्यातच राहतो, कंपनीत शिफ्टवर जातो. ही तिथून गाडी पकडून कॉलेजला जाते. पाया पडली आणि तिथेच म्हणाली,

"आजी, आम्हाला जागतिक सामाजिक आव्हान सोडवायचंय."

"कधीपर्यंत?"

"परीक्षेच्या आत."

"बरं. मग आधी जेवून घे."

त्यांचा चौघांचा गट होता. एकाने म्हणे उपासमार सुचवली, एकाने हवेचं प्रदूषण. हिने सांगितलं, माझी आजी आयुष्यभर खाऱ्या पाण्याशेजारी बसून आहे, तिच्याकडे जाऊ. म्हणजे जागतिक आव्हान शोधत शोधत पोरं माझ्या अंगणात पोचली. इतक्या वर्षांत माझ्याकडे कुणी असं बघितलं नव्हतं. मी त्या दिवशी जरा ठेवणीतलं लुगडं नेसले.

पेटी साधीच होती. आतून काळी, वर तिरकी काच. आत खारं पाणी घालायचं. उन्हाने त्याची वाफ होते, वाफ काचेला लागून थेंब होतात, थेंब ओघळून एका नळीतून बाटलीत पडतात. मीठ मागे राहतं. पेटी अंगणात मांडली तशी शेजारची जाऊ कुंपणावरून वाकली.

"काय गो, कुरडया घातल्यास?"

"पाणी करते नात माझी. खाऱ्याचं गोडं."

जावेने नळीखालच्या बाटलीकडे बघितलं. "येवढीशी बाटली? चिमणीचं भागंल."

नातीला राग आला. तिने नखांना लावायचा लाल रंग पर्समधून काढला आणि बाटलीवर एक रेघ ओढली. म्हणाली, "काकूआजी, रोज इथपर्यंत पाणी येणार. हिशोब केलाय आम्ही. अशा पेट्या घराघरात लावल्या तर गावाला टँकर नको." तिचा आवाज असा होता, की मला 'पाणी उकळून प्यावं' सांगणारा माझा आवाज आठवला. अगदी तोच. नुसतं मॅट्रिकच्या जागी इंजिनिअरिंग.

आठवडाभर पेटी माझ्यावर सोपवून ती रोह्याला गेली. सकाळी बोअरचं पाणी पेटीत घालायचं, संध्याकाळी बाटली बघायची आणि फोनवर सांगायचं. झालं की बाटली रिकामी करून पुन्हा लावायची, शेवटच्या दिवसाचं पाणी तेवढं कॉलेजात न्यायचं होतं.

पहिल्या संध्याकाळी बाटलीचा तळ ओला झाला होता. एवढंच.

"किती आलं?" फोन आला.

"आज ऊनच नव्हतं गो तेवढं." ऊन रणरणतं होतं. माझ्या पायाला चटके बसले होते.

दुसऱ्या संध्याकाळी बोटभर. ती म्हणाली, "रेघेपर्यंत नाही?" आणि मग फोनवर नुसता श्वास. हा श्वास मला पाठ आहे. टाकी कोरडी निघाली तेव्हा माझ्या नवऱ्याने सोडला होता. बोअर खारी लागली तेव्हा अख्ख्या गावाने. आता सत्तरीनंतर तोच श्वास मी नातीच्या नाकातून ऐकायचा? मला नाही झेपलं. दमले होते मी, दुसरं काही नाही.

तिसऱ्या संध्याकाळी मी पालथा तांब्या उचलला. हंड्यातलं गोडं पाणी बाटलीत घातलं, बरोब्बर लाल रेघेपर्यंत. हात जरासुद्धा हलला नाही.

"आजी! चाललं? खरंच रेघेपर्यंत?" ती फोनवर एवढ्याने ओरडली की कुंपणापलीकडे जावेला ऐकू गेलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. चौथ्या दिवशीही घातलं. पाचव्या दिवशी आभाळ भरून आलं, दिवसभर सूर्याचं तोंड दिसलं नाही, तरी मी घातलं. रेघेपर्यंतच. चोराने निदान आभाळाकडे तरी बघावं! पण ही बाई केस धुताना आजूबाजूला बघून घेते, आणि अक्कल वापरायच्या वेळी मात्र कुठेच बघत नाही.

बाटली कॉलेजात गेली. त्यानंतर नातीचा फोन नाही. मी केला तर उचलेना. शेवटी मुलाने सांगितलं. तोही रात्रपाळी करून आलेला, आवाज जड.

"आई, पोरीची कॉलेजात लबाडी पकडली म्हणतायत. सरांनी पाण्यातले क्षार मोजायचा मीटर लावला. म्हणाले, हे वाफेचं पाणी नाही, नळाचं आहे. शिवाय ढग आले त्या दिवशीही तेवढंच कसं आलं? वर्गासमोर विचारलं तिला. गटातली पोरं बोलत नाहीत. प्रोजेक्ट बाद करणार. जेवत नाय ती."

मी सकाळची गाडी पकडून रोह्याला गेले. पेणच्या स्टेशनात जिना चढताना गुडघे बोलत होते, त्यांना म्हटलं, आज गप्प बसा, आज बोलायची पाळी माझी आहे.

नात खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी तिच्या पायाशी बसले आणि सांगून टाकलं. आढेवेढे घेतले नाहीत. ती उठून बसली.

मी म्हटलं, "सरांना सांगायचंस ना, बाटली आजीकडे होती म्हणून."

"मला काय माहीत तू घातलंस?" तिचा आवाज फुटला. "सर विचारत होते आणि मी त्यांच्याशी भांडत होते, आजी. मीटर खराब आहे म्हणत होते. मला वाटलं, खरंच झालं."

मी पदराने तिचे डोळे पुसायला गेले, तर तिने तोंड फिरवलं. सासूबाईंच्या वेळीही चूक माझीच होती. फरक एवढाच, की तेव्हा नुसती तहान लागली होती.

तिने सरांना फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मी सगळं सांगितलं. मग सर म्हणाले, "आजी, असं सांगायला आजवर कुणा पालकाने फोन केला नव्हता." मग म्हणाले, पुन्हा करू दे तिला, वेळ देतो. आणि जपून, अगदी अदबीने म्हणाले, "या वेळी तुम्ही फक्त बघायचं हं."

सुट्टीचे दिवस जोडून ती माझ्याकडे येऊन राहिली. पेटी नीट पुसली, काचेच्या फटी बुजवल्या. सकाळी पाणी घालायची, दिवसभर सावलीत बसून काचेवरचे थेंब बघायची. मला वाटतं त्या तीन-चार दिवसांत ती जेवढी गप्प बसली तेवढी जन्मात बसली नव्हती. पाणी यायचं. बोटभर, कधी त्याहून थोडं जास्त. लाल रेघ वर एकटीच राहायची.

गल्लीत नळ आला तेव्हा तिने माझ्याबरोबर हंडे भरले. कमरेवर हंडा धरता येईना, अर्धं पाणी ओढणीत. जाऊ म्हणाली, "इंजिनेर, धुणं झालं काय गो?" ती हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदाच.

शेवटच्या संध्याकाळी तिने बाटली काढून ओट्यावर ठेवली आणि तिच्या तोंडावर आमचा तांब्या पालथा घातला. मला दाखवून.

"कळलं," मी म्हटलं. "हात लावायचा नाही."

ती माझ्याशेजारी बसली. जरा वेळाने विचारलं, "आजी, गावात पाणी बघायला साहेब लोक यायचे ना? पाहणीला?"

"यायचे तर. किती वेळा आले. जीपगाडी घेऊन."

"त्यांना प्यायला कुठलं पाणी द्यायचात?"

"म्हणजे काय? गोडं. दारात आलेल्याला काय खारं देणार? त्या दिवशी घरातल्यांनी कमी प्यायचं, पण साहेबांचा तांब्या काठोकाठ. वर चहा."

"मग ते काय म्हणायचे?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. कारण ते काय म्हणायचे ते मला स्वच्छ आठवत होतं. तांब्या खाली ठेवून, मिशी पुसत म्हणायचे, वा, पाणी तर छान आहे तुमच्याकडे. आणि आम्ही बायका दाराआड उभ्या राहून खूश व्हायचो. मी तर सगळ्यांत जास्त. मॅट्रिक झालेली सून, साहेबांशी शुद्ध बोलणारी, "अजून घ्या ना" म्हणणारी.

"छान आहे म्हणायचे," मी म्हटलं.

तिने तांब्या बाजूला ठेवला. बाटली उचलून नखाने ती लाल रेघ खरवडायला लागली. रंग लवकर सुटेना. मी विचारलं, "आता सरांना एवढंच दाखवणार?"

"एवढंच. आलं तेवढं."

"हसतील ना गो."

तिने नखाखालचा लाल रंग फुंकून उडवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"हसू देत. आजी, खरं सांगू? साहेबांना गोडं पाजलंस, माझ्या बाटलीत घातलंस, त्यापेक्षा तू केस धुतलेस ते बरं होतं. निदान पाणी गेलेलं दिसलं तरी."