पट्टा वेगळा मिळत नाही

कानवाल्या ताईंचा पारा सहसा चढत नसे. "आवाज आला की बटण दाबा हं," हे एकच वाक्य दिवसाला वीसदा गोड आवाजात म्हणायचं म्हटल्यावर चढवून चालणार तरी कसं? बावीस वर्षं त्या इस्पितळात लोकांच्या ऐकण्याची तपासणी करत होत्या. तळमजल्यावर, भिंतींना जाड गाद्या ठोकलेली एवढीशी खोली. आत खुर्ची, खुर्चीच्या हातावर हेडफोन, आणि काचेपलीकडे यंत्राशी ताई.

त्या हेडफोनचा डोक्यावरचा पट्टा झिजला. आधी रेक्झिन तडकलं आणि त्याच्या काळ्या खपल्या लोकांच्या केसांत पडू लागल्या. "कोंडा नाही हो, आमचाच कचरा," म्हणत ताई त्या झटकत. मग आतला स्पंज भुगा होऊन गळला, आणि एका मंगळवारी पट्ट्याच्या पत्र्याची कड सहा वर्षांच्या मुलीच्या भांगात रुतली. पोर रडली नाही, बटण घट्ट धरून बसून राहिली. तिला वाटलं, तपासणी अशीच असते! आईने रक्ताचा थेंब रुमालाने टिपला आणि उलट ताईंचीच समजूत घातली, "असू दे हो, काही नाही."

त्या 'काही नाही'ने ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उजवा कान तपासून झाला होता, डावा तसाच ठेवून त्या तडक भांडारपालाकडे गेल्या.

"पट्ट्यासाठी तीन अर्ज दिलेत मी."

"उत्तर आलंय कंपनीचं," कागदातून मान वर न करता तो म्हणाला. "पट्टा वेगळा मिळत नाही. अख्खा संच मोडीत काढा. नवा यायला पाच-सहा महिने धरा. तोवर तपासणी बंद."

"अहो, दोन्ही बाजूंचा आवाज ठणठणीत आहे! टोपी फाटली म्हणून कुणी डोकं बदलतं का?"

"नियम मी केलेत का, ताई?"

"केले नाहीत, पण त्यांच्यामागे लपायला बरे सापडलेत तुम्हाला."

बंद म्हणे! एक्केचाळीस जणांना तारखा दिलेल्या होत्या. त्यांना काय सांगायचं, सहा महिने बहिरेपणा आवरून धरा?

ताईंची थोरली नणंद गाड्यांच्या सीट शिवायची. तोंडाची फटकळ, पण हात असा की उसवलेलं काही तिच्यासमोर टिकत नसे. रविवारी ताईंनी हेडफोन तिच्या पाटावर ठेवला.

"वन्सं, एवढं करून द्याच."

वन्संनी तो उलटापालटा केला, आणि त्यांच्याही कपाळाची शीर तडतडली. "अगं वहिनी, एक टाका नाही याला! नुसतं चिकटवून टाकलंय. कुणी उघडूच नये म्हणून बनवलंय हे. बनवणाऱ्याला एकदा माझ्यासमोर उभा कर."

त्यांनी जुना डिंक खरवडला, पत्र्याची कड कानशीने घासून गोल केली, कापडी पट्टी गुंडाळली, वर फोम आणि मऊ चामडं शिवलं. सोमवारी दवाखाना उघडायच्या आत सुईदोरा घेऊन त्या ताईंबरोबर इस्पितळातही आल्या.

रोज सकाळी आधी स्वतःचे कान तपासायची ताईंची पद्धत होती. त्यांनी हेडफोन चढवला आणि मान हलवली. "खालचे सूर हरवले. फोम जाड झालाय, कानावरचे गोळे वर सरकून बसतायत. चांगल्या माणसालाही बहिरा ठरवेल हा."

वन्संनी कंपनीला शिव्या घालत टाके उसवले. फोमचा एक थर काढून पुन्हा शिवलं. आता प्रत्येक सूर जिथल्या तिथे ऐकू आला. तरी ताईंनी स्वतःच्या कानावर भरवसा ठेवून कुणाला आत घेतलं नाही. यंत्राची वार्षिक तपासणी करणाऱ्या तंत्रज्ञाला फोन लावला. तो बुधवारी आला, आवाज मोजला, पट्ट्याची पकड मोजली आणि 'सर्व मर्यादेत' असं लिहून सही ठोकली.

त्याच दुपारी टेबलावर इस्पितळाच्या अधीक्षकांची नोटीस आली: उपकरण विनापरवाना बाहेर नेऊन फेरफार केल्याबद्दल कारणे दाखवा.

ताईंनी लगेच उत्तराला कागद घेतला. त्यांनी लिहिलं: "होय, नेलं. ज्या वस्तूने लेकराचं डोकं फुटलं ती दुरुस्त करणं हा गुन्हा असेल, तर ती तीन अर्जांनंतरही तशीच ठेवणं काय आहे, ते आधी मला कळवावं." खाली तंत्रज्ञाचा कागद जोडला.

अधीक्षकांनी तपासणी सुरू ठेवायला सांगितलं. एक्केचाळीस माणसं अकरा दिवसांत झाली. पहिली आली ती तीच पोर. डाव्या कानाने तिला निम्मंही ऐकू येत नव्हतं. वर्गात लक्ष देत नाही म्हणून वर्षभर बोलणी खात होती बिचारी. आता तिला श्रवणयंत्र मिळणार होतं, शिवाय पुढचा बाक. आई ताईंचे हात धरून रडली. ताई मात्र मनातल्या मनात सहा महिन्यांचा हिशेब करून धुमसत राहिल्या.

त्या अधीक्षकांकडे गेल्या. "नोटीस लेखी परत घ्या."

"जाऊ द्या ना ताई. विषय संपला."

"तुमचा संपला. माझ्या फायलीत तो अजून आहे."

नोटीस अजूनही परत घेतलेली नाही. ताई दर सोमवारी वर जाऊन विचारतात. अधीक्षकांचा शिपाई आता त्यांना बघताच आत वर्दी देतो, आणि आतून दर वेळी साहेब बैठकीत असल्याचं कळतं. ताई बाकावर बसून राहतात.