मोत्यांचं औषध

मैत्रिणींनो, मी सोलापुरात दागिने ओवून देते. आज दुपारी गिरणीचा भोंगा झाला आणि बार्शीच्या गंगाकाकू मोत्यांची माळ घेऊन आल्या.

"मोती पिवळं पडल्यात. चिंचंनं घासू व्हय?"

"अजिबात नको. ओल्या मलमलीनं पुसा आणि अंगावर घाला. पेटीत मोती सुकतात."

त्यांनी माळ मुठीत मिटली. नवरा गेल्यापासून, सात वर्षं, माळ पेटीतच होती.

"आमी कसं घालावं गं?"

"पदराखाली. कुणी विचारलंच तर सांगा, मोत्यांना औषध चाललंय."

नव्या रेशमात ओवून मीच ती त्यांच्या गळ्यात बांधली. जाताना त्यांचा हात सारखा पदरावरून तिथंच जात होता.

मी सांगितलं त्यात खोटं काहीच नव्हतं. तुमच्या घरात कुणाची माळ पेटीत सुकतेय?