सुतारमामांचं कपाट

आमच्या सुतारमामांनी परदेशी लेकीकडे कायमचं जायची तयारी सहा महिने आधीच सुरू केली. व्हिसा झाला. वर्षभराची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट बांधली. तिकडे दातांचा खर्च झेपत नाही म्हणून दोन दाढा इथेच उपटून घेतल्या. घरही विकलं. घेणाऱ्याची एकच अट होती, खोल्या रिकाम्या हव्यात.

आणि कपाट काही दारातून निघेना. निघणार कसं? लग्नाच्या पहिल्या वर्षी मामीसाठी त्यांनी ते त्याच खोलीत बसून केलं होतं. जन्मभर लोकांच्या दारांची मापं घेतली, स्वतःच्याच दाराचं घ्यायचं राहिलं. मामी त्यावरून त्यांना मरेपर्यंत चिडवत होती.

"मामा, सांधे मोकळे करा ना," मी म्हणालो.

"एक खिळा मारलेला नाही रे, सगळे सांधे सरसाने चिकटवलेत. सुटायला केलंच नव्हतं."

शेवटी त्यांनी करवत घेतली. तेवढ्यात लेकीचा फोन आला, तो त्यांनी स्पीकरवर टाकला. "बाबा, जुन्या लाकडात काय जीव अडकवायचा!" मला असा संताप आला, की तो फोनच भिरकावून द्यावासा वाटला. मामा नुसतं "हो गं" म्हणाले आणि कापत राहिले.

संध्याकाळी घर घेणारा आला. खोलीभर नजर फिरवून म्हणाला, "ही भिंत फारच ओकीबोकी दिसते. इथे एखादं कपाट करून घेऊ."

मामांनी हातावरचा भुसा झटकला.

"करा," ते म्हणाले. "फक्त इथे बसून करू नका."